वैनींचे हुमले

वैनी, काल वरच्या अंगाच्या एका काजूला दोन शेंडे काळे दिसले. दोनच. बाकीचा मोहोर चांगला आहे, तुमच्या त्या मुंगळ्यांची, हुमल्यांची घरं जागच्या जागी आहेत. तरी मी तशीच घराकडे धावत सुटले, तुम्हाला सांगायला. पडवीपर्यंत आले आणि मग आठवलं. सतरा दिवस झाले तुम्हाला जाऊन.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दोन शेंड्यांना काय रडतेस, अजून चाळीस झाडं उभी हायत." आणि मग हातातलं काम टाकून स्वतःच माझ्याआधी बघायला गेला असतात. आता बघायचंही मीच आणि ठरवायचंही मीच, आणि मला ठरवता येत नाही.

म्हणून माझ्या बेबीच्या शाळेच्या वहीची मागची पानं घेऊन लिहायला बसलेय. माझं अक्षर बघून तुम्ही म्हणायचात, "मुंग्यांना शाई लावून कागदावर सोडल्यास काय गो, सुमन?" ते तसंच आहे अजून. पण एक गोष्ट पाच वर्षं माझ्या पोटात आहे. ती दुसऱ्या कोणाच्या आधी तुमच्या कानावर घालायला हवी. कान नसले तरी.

मी मालगुंडची, तुम्ही पूर्णगडच्या. दोघी समुद्राकाठच्या, आणि लग्न होऊन आलो ते लांज्याच्या आतल्या बाजूला, या सड्याच्या उतारावर, जिथं पायाखाली सगळा तांबडा दगड. मी आले तेव्हा घरात सासू-सासरे नव्हते. माझे मालक पंधरा दिवस राहून मुंबईला छापखान्यात परत गेले. भाऊजी, म्हणजे तुमचे मालक, सकाळच्या एस.टी.नं लांज्याला दुकानात कामाला जायचे ते दिवेलागणीला यायचे. राहिलो आपण दोघी जावा आणि काजूची बाग.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला बागेत नेलंत आणि मी एका फांदीला हात लावला. पानं एकमेकांना शिवून केलेला चेंडूएवढा गोळा होता. मला वाटलं पाखराचं घरटं. बघता बघता कोपरापर्यंत तांबडे मुंगळे चढले, मानेवर, केसांत. मी नाचत होते आणि तुम्ही पोट धरून हसत होतात. मग चुलीतली राख आणून माझ्या हाताला चोळलीत आणि म्हणालात, "हे आपले हुमले. राख लावून यायचं त्यांच्या दारात. आमचा हात नव्हे, लाकूड हाय, असं त्यांना वाटायला हवं."

मला तेव्हापासून त्यांची भीती बसली. मला कशाचीही भीती बसते, ते तुम्हाला माहीतच आहे. एस.टी. चुकेल, पत्र येणार नाही, पोर पडेल. तुम्ही म्हणायचात, माझी काळजी माझ्या आधी उठते आणि माझ्या नंतर झोपते.

एकदा तुम्ही काजूचं कोवळं पान वाकवून माझ्या डोळ्यांशी धरलंत. पानावर टाचणीच्या टोकाएवढे ओले थेंब होते. "चाटून बघ." चाटलं. गोड होतं.

"फुलाचं गोड फुलात, मधमाशांसाठी. मग हे पानावरचं कोणासाठी?" तुम्ही विचारलंत.

"मला काय ठाऊक?"

"हुमल्यांसाठी. हे खायला ते शेंड्यापर्यंत येतात. येतात म्हणून ढेकण्या बसत नाय तिथं. ज्या झाडावर हुमले नसतात त्याचे शेंडे बघ, जाळल्यासारखे काळे."

ते खरं होतं. ढेकण्या हा नखाएवढा किडा कोवळ्या डहाळीत सोंड खुपसतो आणि चार दिवसांत डहाळी करपते. हुमल्यांच्या झाडावर तो क्वचित दिसायचा. पण मला तुमचं म्हणणं पटायचं नाही आणि आपण बी सोलता सोलता तासन्‌तास भांडायचो. मी म्हणायची, तुमचे हुमले मधमाशाही धरतात, मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही म्हणायचात, "धरतील एखादी. फणसाच्या ढोलीत पोळं तरी वाढतंच हाय ना?" मी म्हणायची, ते आपल्यावर उपकार करायला आलेले नाहीत, आपलं पोट भरायला आलेत.

"मग उपकार कोण करतंय?" तुमचं ठरलेलं उत्तर. "झाड करतंय? मधमाशी करतेय? जो तो आपलंच बघतोय. तरी एका झाडावर सगळ्यांचं भागतंय की नाय?"

"मग आपणही आपलं बघायला नको?"

यावर तुम्ही काहीतरी बोलणार असायचात, तेवढ्यात दूध उतू जायचं, नाहीतर बेबी रडायची. ते भांडण अर्धंच राहिलं, वैनी. तुम्ही काय बोलणार होतात, ते मला आता फार हवंय.

बेबी चार वर्षांची होती. झाडाखाली पडलेले काजूचे बोंडू गोळा करता करता ती हुमल्यांच्या तुटून पडलेल्या घरावर बसली. मी पोचेपर्यंत पापण्यांवर, ओठांवर, कानाच्या पाळीवर हुमले चिकटले होते. दोन दिवस तिचे डोळे उघडले नाहीत. तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसलात, खोबरेल लावलंत, गोष्टी सांगितल्यात. ती बरी झाली. मी झाले नाही. मला रोज वाटायचं, पुढच्या वेळी कानात जातील, डोळ्यात जातील. मी तुम्हाला म्हटलं, "वैनी, घराजवळच्या दहा झाडांवरचे तरी जाळूया." तुम्ही म्हणालात, "पोरीला शीक म्हणावं बघून बसायला." मला त्याचा राग आला. तो राग मी बाहेर दाखवला नाही आणि आत मोठा केला.

पुढच्या पौषात तुमचे वडील अंथरुणाला खिळले आणि तुम्ही महिनाभर पूर्णगडला गेलात. शेजारच्या शिवरामदादांनी कुठून तरी हातानं फिरवायचं पावडर मारायचं यंत्र आणलं होतं. मधल्या दगडी गडग्यापलीकडे ते त्यांच्या वालाच्या मळ्यावर पांढरा धुरळा उडवताना मला दिसले. मी गडग्याशी गेले. म्हटलं, "दादा, आमच्या काजूंनाही मारा."

त्यांनी यंत्र थांबवलं. "वैनींना विचारलंस?"

मी म्हटलं, "हो. त्यांनीच सांगितलंय."

हे ते, वैनी. पाच वर्षं पोटात ठेवलेलं. पावडर मी मारायला लावली, आणि त्यासाठी तुमच्या नावानं खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली तांबडा सडा पडला होता. मला आधी हलकं वाटलं, हे लपवत नाही. बेबीला मी हात न धरता बागेत सोडलं. मग फणसाखाली गेले. ढोलीच्या तोंडाशी मधमाशांचा ढीग होता. काही अजून गोल गोल फिरत होत्या. मी खराटा आणून सगळं झाडून पाचोळ्यात ढकललं आणि घरी येऊन हात धुतले. दोनदा धुतले.

भाऊजींना बाग पांढरी दिसली तेव्हा ते म्हणाले, "शिवरामकडचं उडून आलेलं दिसतंय." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

तुम्ही परत आलात तो रविवार होता. रस्त्यावर एस.टी.तून उतरून घरी यायची वाट बागेतूनच. माहेरच्या सुक्या मासळीचं गाठोडं डोक्यावर तसंच ठेवून तुम्ही अंगणात उभ्या राहिलात आणि पदराची झोळी सोडलीत. त्यातून वाळलेले हुमले पडले, पाय पोटाशी घेतलेले. त्यांच्यात सात-आठ मधमाशा.

"कोणी केलं हे?"

भाऊजी म्हणाले, शिवरामचं यंत्र फिरत होतं. मी तोंड उघडलं होतं, वैनी. खरंच उघडलं होतं. पण तुम्ही तोवर गडग्याशी पोचला होतात आणि मी नुसती मागून धावत आले.

"शिवराम, माज्या झाडांवर पावडर तू मारलीस?"

शिवरामदादा पेंढा बांधत होते. त्यांनी तुमच्याकडे बघितलं आणि मग तुमच्या खांद्यावरून माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"होय वैनी," ते म्हणाले. "चुकलं."

"कोणाला विचारून?"

"चुकलं म्हणतो ना."

तुम्ही एवढंच म्हणालात की आजपासून या गडग्याला दार नाही. आणि तुम्ही बोलायचात ते करायचात. त्यांची विहीर चैत्रात आटायची, मग उन्हाळाभर त्यांच्या घरचं पाणी आपल्या विहिरीवरून जायचं. आपल्या नांगराला बैल त्यांचे यायचे. दोन्ही बंद झालं. शिवरामदादांची बायको उन्हात ओढ्यापर्यंत हंडे घेऊन जायची आणि मी आपल्या ओटीवरून बघायची. आपण बैलांसाठी दुसऱ्या वाडीत हात जोडत फिरलो.

त्या साली काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. हुमले गेले तसा ढेकण्या आला. मोहोर उभा जळाला. ज्या फांद्या राहिल्या त्यांच्याकडे मधमाशी फिरकली नाही. दोन टोपल्याही बी आली नाही. एकदा तुम्ही एक करपलेला घोस हातात घेऊन बांधावर बसलात, आणि तुम्हाला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. वडील गेले तेव्हाही तुम्ही रडला नव्हतात.

मग तुम्ही हुमले परत आणायला निघालात. ओढ्याकाठच्या जांभळीवर त्यांची घरं होती. सकाळच्या गारठ्यात ते सुस्त असतात म्हणून आपण उजाडता उजाडता जायचो. तुम्ही राख लावलेल्या हातांनी फांदी कोयत्यानं हळू कापायचात, मी खाली पोतं धरून. पोतं धरून मी मान वर करून तुमच्याकडे बघायची नाही. तुम्हाला वाटायचं चावायच्या भीतीनं.

पहिल्या खेपेला दोन वेगवेगळ्या झाडांवरची घरं आणली तर ते आपसात लढून मेले. दुसऱ्या खेपेला एकाच झाडावरची सगळी घरं आणली. ती टिकली नाहीत. तिसऱ्या खेपेला टिकली. तुम्ही झाडाझाडांत सुंभाच्या दोऱ्या बांधल्यात, आणि आपण दोघी दगडावर बसून बघत राहिलो. बऱ्याच वेळानं पहिला हुमला दोरीवरून या झाडावरून त्या झाडावर गेला. तुम्ही माझा हात दाबलात. तुमच्या हातावर चाव्यांचे फोड होते. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या खुशीत होतात की वाटलं, आज नको.

मी रोजच 'आज नको' म्हणत राहिले.

आणि मग ती फांदी. हुमले वाढले तसे आपल्या कडेच्या काजूची फांदी गडग्यावरून शिवरामदादांच्या झाडाला टेकली आणि हुमले पलीकडे जायला लागले. तुम्ही कोयता घेतलात. मी म्हटलं, "जाऊ द्या ना वैनी, त्यांचंही भागेल." तुम्ही म्हणालात, "ज्यानं मारले त्याच्या झाडावर?" आणि फांदी तोडलीत. दर वर्षी तोडलीत. पलीकडचे शेंडे दर वर्षी काळे व्हायचे आणि मी तोडलेली फांदी ओढत चुलीकडे न्यायची. एका झाडावर सगळ्यांचं भागतं म्हणणाऱ्या तुम्ही. तुम्हाला तसं मी केलं.

छातीत दुखायला लागलं म्हणून भाऊजींनी तुम्हाला रत्नागिरीला इस्पितळात नेलं. तीन दिवस मी उशाशी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी औषध आणायला गेले होते. खोलीत आपण दोघीच. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत होतात.

"काय गो, तोंडात काय धरून बसलीस? बोल की."

"काय नाय. पाणी देऊ?"

तुम्ही माझ्यावरची नजर काढलीत. म्हणालात, "दे."

मी पाणी दिलं. कधी वाटतं, तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही मला वाट करून देत होतात. पण हे मी माझ्या सोयीनं मानते, हेही मला कळतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही बोलायच्या पलीकडे गेलात.

तुम्हाला नेलं तेव्हा शिवरामदादा आले होते. गडग्याला वळसा घालून, रस्त्यानं. लाकडं त्यांनीच फोडली. भाऊजी त्यांच्याशी बोलले नाहीत. शिवरामदादा एका बाजूला उभे राहिले आणि सगळे गेल्यावर गेले.

इथपर्यंत लिहिलं आणि चार दिवस वही उघडली नाही. मध्ये काय झालं ते आता सांगते.

काळे शेंडे दोनाचे सात झाले. भाऊजींनी ते बघितले. जेवताना म्हणाले, "खालच्या वाडीत सगळे फवारतायत. मी पंपवाल्याला सांगून येतो उद्या. तिच्या हट्टापायी बाग घालवायची नाय."

सात शेंडे म्हणजे खूप की थोडे? तुम्ही दर वर्षी पाच-दहा शेंडे जाऊ द्यायचात का? मी कधी मोजलं नव्हतं, मोजायचं काम तुमचं होतं. नको म्हणावं आणि मोहोर गेला तर? हो म्हणावं आणि पुन्हा ते सगळं खाली पडलं तर?

"नको," मी म्हटलं.

"का नको?"

"एकदा मारून बघितलंय."

"ते शिवरामनं मारलं, नको तेवढं मारलं. हे बेतानं मारतील."

"शिवरामदादांनी नाही, भाऊजी. मी मारायला लावलं होतं. वैनींनी सांगितलंय असं खोटं बोलून."

वैनी, ताट सरकल्याचा आवाज मी ऐकला. वर बघायचा धीर झाला नाही. भाऊजी उठले, हात धुतले आणि पडवीत जाऊन बसले. बेबी माझ्याकडे बघत होती. नऊ वर्षांची आहे आता, सगळं कळतं. तिनं विचारलं, "माझ्यामुळे?" मी म्हटलं, "नाही गो. माझ्यामुळे." हे मात्र मी चटकन बोलले. एवढं एकच त्या दिवशी बरोबर केलं.

दोन दिवस भाऊजी माझ्याशी बोलले नाहीत. पंपवाल्याकडेही गेले नाहीत. मला वाटत होतं, मालकांना पत्र लिहितील. मला वाटत होतं, सांगतील की सुमनला माहेरी पाठवा. पोस्टमन दिसला की मी आत जायची. शेवटी काल सकाळी मी गडग्याशी गेले. शिवरामदादा त्यांच्या करपलेल्या झाडाखाली पाचोळा ओढत होते.

"दादा, मी सांगितलं घरात."

त्यांनी दाताळं थांबवलं. "कशाला?" असं म्हणाले. खरंच, कशाला असंच. मग म्हणाले, "आता वैनी तर नाय."

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? तुमच्या घरचं पाणी तुटलं."

त्यांनी दाताळ्यात अडकलेली पानं काढली. "तुला त्या घरात ऱ्हायाचं होतं, सुमन. रोज तिच्यासमोर बसून जेवायचं होतं. माजं काय, मी गडग्याच्या पलीकडे." मग हसल्यासारखं केलं. "पण दर साली फांदी तोडायला यायची ना वैनी, तेव्हा वाटायचं, सांगून टाकावं. माजी झाडंही कळ काढत होती."

मला रडू आलं. ते वळले आणि पाचोळा ओढू लागले, मला रडायला मोकळीक म्हणून.

या वर्षी ती फांदी मी तोडलेली नाही. हुमले पलीकडे जातायत. त्यानं आपल्याकडचे कमी होतील का, मला कळत नाही. पंपाला नको म्हटलं ते बरोबर की चूक, ते आणखी पंधरा दिवसांनी मोहोरच सांगेल. मी दिवसातून तीनदा शेंडे बघून येते. आज नऊ आहेत.

माफी मागत नाही. ती मागायची वेळ तुम्ही मला इस्पितळात दिली होतीत आणि मी तुम्हाला पाणी दिलं. पण तुमची मी किती ऋणाईत आहे, हे सांगायचं राहिलं. राख लावायला तुम्ही शिकवलंत. बेबीचे डोळे मिटले होते तेव्हा दोन दिवस तुम्ही मांडी हलवली नाहीत. समुद्राची आठवण येऊन मी रडायची तेव्हा तुम्ही म्हणायचात, "माजीपण तीच गत हाय," आणि आपण दोघी हसायचो.

आज सकाळी मी चुलीपाशी होते. बाहेर भाऊजींचा आवाज आला, कोणाला तरी "ये, बस" म्हणत होते. ओटीवर कोणीतरी खाकरलं. मग भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले. माझ्याकडे बघितलं नाही, चौकटीला हात लावून उभे राहिले.

"चहा टाक," म्हणाले. "तीन कप. शिवराम आलाय."